एकांकिकेसाठी मदत हवी: १९६२ चा आकाशवाणी निवेदक, १९७२ ला टीव्हीवर. कुठे चुकतोय?

शालिमारकर
मंडळी, नमस्कार. ४५ मिनिटांची एकांकिका बसवतोय, प्रयोग नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात. पंचवटीतला एक तरुण १९६२ मध्ये आकाशवाणी मुंबईवर निवेदक म्हणून लागतो आणि १९७२ मध्ये टीव्हीवर जातो, एवढीच गोष्ट. प्रवेश असे: आवाजाची चाचणी, पहिली सकाळची सभा (म्हणजे प्रसारणाचं सकाळचं सत्र), रेकॉर्ड लावताना घोळ, पंचवटीत आई रेडिओवर मुलाचा आवाज ऐकते, आणि शेवटी आई त्याला टीव्हीवर बघते. संहितेत मध्येच टूथपेस्टची जाहिरातही आहे, तो स्वतःच वाचतो. नाशिकचा प्रेक्षक चूक दिसली की मध्यंतराची वाट बघत नाही, तिथल्या तिथे बोलतो. म्हणून आधीच विचारतोय. काय काय चुकलंय?

टेपतुकडा
जाहिरात आधी काढा. आकाशवाणीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर आल्या. १९६२ ला टूथपेस्ट ऐकायची तर रेडिओ सिलोन लावायचं. अमीन सायानींची गीतमाला ३ डिसेंबर १९५२ पासून तिथेच चालू होती. कार्यक्रम मुंबईत टेपवर ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. तुमच्या नायकाला हेवा वाटायला हे कारण चांगलं आहे, कारण सिलोनच्या निवेदकाचं नाव घराघरांत माहीत होतं. आकाशवाणीचा निवेदक साधारणपणे स्वतःचं नाव सांगत नसे. नाव फक्त बातम्या वाचणाऱ्याचं यायचं.

त्यामुळे "मी अमुक तमुक बोलतोय" असं वाक्य संहितेत असेल तर तेही काढा. त्याचं नाव आईला माहीत, बाकी पंचवटीला नाही. नाटकाला हे जास्त कामाचं आहे बघा.

शालिमारकर
दोन्ही वाक्यं होती. काढली. रेकॉर्डचा घोळ सांगाल का? आमचा नट सुई ठेवतो आणि गाणं चालू होतं, एवढंच करतो.

टेपतुकडा
मग घोळ कसा होणार? नीट सांगतो, कारण निवेदकाचं निम्मं काम हाताचंच होतं.

प्लेबॅक स्टुडिओत निवेदकाच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक टर्नटेबल, मधे माईक, समोर फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) आणि भिंतीवर सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ. एक रेकॉर्ड वाजत असताना दुसरी 'क्यू' करायची. म्हणजे हेडफोन लावून, फेडर बंद ठेवून, सुई खाचेत सोडायची, पहिला सूर येईपर्यंत तबकडी हाताने फिरवायची आणि तिथून थोडी मागे न्यायची. ३३ आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांना, एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ ला १.३३, ७८ ला जेमतेम ०.७७. एलपी (३३ ची मोठी रेकॉर्ड) अर्धा फेरा मागे नेली तर हातात ०.९ सेकंद मिळतो. तेवढ्यात जड चकती वेगात यायला हवी. कमी मागे नेली तर पहिला सूर खालून घसरत वर चढतो, लताबाईंची तान गाढवासारखी सुरू होते. जास्त मागे नेली तर "...यांनी गायलेलं गीत" म्हटल्यावर खरखर आणि शांतता.

७८ ला दुसरी पद्धत. चकती फिरतीच ठेवायची, रेकॉर्डखाली नमद्याचा गोल असतो, रेकॉर्डची कड बोटाने धरून ठेवायची आणि निवेदनाचा शेवटचा शब्द संपताना बोट उचलायचं. रंगमंचावर हे लांबूनही दिसतं, हेच दाखवा.

आता चुका. पहिली: ७८ च्या रेकॉर्डवर एलपीची सुई. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ७० मायक्रॉनची सुई लागते, एलपीला २५ ची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर मोठी होते. दुसरी: रेकॉर्डची उलटी बाजू. तिसरी, आणि नाटकाला सगळ्यात बरी: सुई एकाच खाचेत अडकते. तेच अर्धं अक्षर पुन्हा पुन्हा. नवखा धावत जाऊन सुई उचलतो आणि फेडर उघडाच राहिल्याने 'धप्प' असा आवाज अख्ख्या मुंबई इलाख्यात जातो. जाणता आधी फेडर खाली आणतो, मग सुई उचलतो, मग माईक उघडून शांतपणे एक वाक्य बोलतो. तुमच्या नायकाने पहिल्या वेळी नवख्यासारखं करावं, शेवटच्या प्रवेशाआधी एकदा जाणत्यासारखं.

रविवार_कारंजा
७८ ची दहा इंची बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. म्हणजे निवेदकाला दर तीन मिनिटांनी हे सगळं करावं लागणार. मधे चहा प्यायचा प्रसंग घालू नका. आणि स्टुडिओत चहा नेऊ देत नसत, तो वेगळा विषय.

आवाजी
चाचणीच्या प्रवेशाबद्दल. नटाला परीक्षकांसमोर उभा केलाय का? तसं नको. उमेदवार एका खोलीत, ऐकणारे दुसऱ्या खोलीत लाउडस्पीकरसमोर, उमेदवाराला फक्त क्रमांक. चेहरा, कपडे, ओळख काही कामाचं नाही. पूर्वी न पाहिलेला मजकूर वाचायचा, गायक-संगीतकार-कवी यांची नावं असलेली गाण्यांची घोषणा करायची, एखाद्या विषयावर दोन मिनिटं आयत्या वेळी बोलायचं.

मराठीत उमेदवार सगळ्यात जास्त पडतो तो च-ज-झ वर. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा-मरण' मधला ज वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहायला सारखे, बोलायला वेगळे. 'चार' माणसं, पण गाईला 'चारा'. 'माझा' आणि 'माझी' मधला झ एक नाही. त्यानंतर ण-न आणि ळ. नटाकडून 'पाणी आणून ठेवलं' दहा वेळा म्हणवून घ्या, आपल्याकडे घाईत त्याचं 'पानी आनून' होतं. चाचणीत तेच पकडायचे.

दुसरं म्हणजे वेग. बातमी नसेल तर मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्दांच्या आसपास. आपले शब्द लांब, प्रत्यय लागून आणखी लांब होतात, त्यामुळे इंग्रजीचा आकडा मराठीला लावू नका. तुमचा नट नक्की १५० ने बोलत असणार, सगळेच बोलतात.

शालिमारकर
१६० ने बोलतो, मोजलं. आवाजी ताई, माईक कसा हवा? आमच्याकडे हल्लीचा पॉडकास्टवाला आहे, नट त्याला ओठ लावून बोलतो.

आवाजी
ओठ लावले तर १९६२ राहिलंच नाही. त्या काळात स्टुडिओत रिबन माईक सर्रास. मोठा, लंबगोल, जाळीचा. आत अॅल्युमिनियमची काही मायक्रॉन जाडीची पन्हाळीसारखी पट्टी, चुंबकाच्या मधे. त्यावर फुंकर मारून "चालू आहे का?" विचारलं तर पट्टी ताणली जाऊन माईक कायमचा बिघडू शकतो. नटाला माईकवर टिचकी मारायला आणि 'हॅलो हॅलो' करायला सक्त मनाई.

अंतर दीड ते दोन फूट. रिबन माईक पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, डाव्या-उजव्या बाजूंनी बहिरा असतो. म्हणून कागद त्या बहिऱ्या बाजूला धरायचे. जवळ गेलं की आवाजाचा खर्ज फुगतो. प्रेमळ आवाज काढायला काही जण मुद्दाम जवळ जात, पण मग प, फ, भ ला स्फोट ऐकू येतो. उपाय सोपा: तोंड थोडं तिरकं, माईकच्या कडेवरून बोलायचं.

कागदाचंही सांगते. टाचणी किंवा स्टेपल आधीच काढायचं. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचं नाही, पानाच्या शेवटी पूर्णविराम हवाच. आकडे अक्षरांत लिहायचे, कारण ५९ आणि ६९ वर चांगले चांगले अडखळतात.

टेपतुकडा
माईकचा फेडर उघडला की खोलीतला लाउडस्पीकर आपोआप बंद होतो, नाहीतर शीळ सुटेल. म्हणजे निवेदक बोलत असताना खोलीत दुसरा आवाज नाही, फक्त हेडफोन. तुम्ही पार्श्वसंगीत ठेवलं असेल तर या जागी कापा, सभागृहात एकदम शांतता होईल. दाराबाहेरचा लाल दिवाही त्याच क्षणी लागतो.

पंचवटी_एक्स्प्रेस
सकाळच्या सभेचं कुणीच बोललं नाही. आधी संकेतधून. वॉल्टर कॉफमन यांनी १९३० च्या दशकात मुंबईत केलेली, शिवरंजनीच्या सुरांची. मग 'वंदे मातरम्', मग उद्घोषणा: केंद्राचं नाव, मीटर, मग वेळ आणि तारीख. संहितेत 'किलोहर्ट्झ' आहे का?

शालिमारकर
आहे. "५५८ किलोहर्ट्झवरून."

पंचवटी_एक्स्प्रेस
दोन चुका. हर्ट्झ हे नाव आंतरराष्ट्रीय मापनात १९६० ला घेतलं गेलं, पण बोलण्यात बरीच वर्षं 'किलोसायकल' चालू राहिलं. १९६२ च्या तोंडी तेच शोभेल. आणि ५५८ हा आकडाच तेव्हाचा नाही. मध्यम लहरींचे आकडे ९ च्या पटीत बसवणारी आंतरराष्ट्रीय योजना नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. ५५८ बरोबर ६२ नव्वे, मुंबईची दुसरी वाहिनी १०४४ म्हणजे ११६ नव्वे, पुण्याचे ७९२ म्हणजे ८८ नव्वे. हे सगळे १९७८ नंतरचे. जुनं ध्वनिमुद्रण कुठल्या काळातलं हे ओळखायला याच्याइतकी सोपी खूण नाही.

आकडा न सांगता "मध्यम लहरींवरून" एवढंच म्हणा. आणि 'ऑल इंडिया रेडिओ' मराठी उद्घोषणेत नको, १९५७ पासून 'आकाशवाणी'.

गोदाकाठ
आईच्या प्रवेशाबद्दल माझं. घरातला रेडिओ व्हॉल्व्हचा असणार. खटका दाबला की लगेच आवाज येत नाही. आधी आतला दिवा, मग व्हॉल्व्ह तापायला २०-३० सेकंद, मग आवाज हळूहळू वर येतो. चांगल्या सेटला हिरवा 'जादूचा डोळा' असतो, स्टेशन नीट लागलं की त्याची पाकळी मिटते. आई खटका दाबते, स्टोव्हकडे जाते, परत येते आणि तेवढ्यात आवाज येतो, असं करा. सेट गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात मिळून जाईल, चालू नसला तरी चालेल. फक्त ट्रान्झिस्टर उचलून आणू नका.

आणि आवाज थोडा वरखाली होऊ द्या. नाशिक मुंबईपासून रस्त्याने १६५-१७० किलोमीटर. दिवसा जमिनीलगतची लहर येते, सूर्य मावळला की आकाशातून परावर्तित झालेली लहरही येते आणि या दोघी एकमेकींना कधी साथ देतात, कधी छेदतात. म्हणून या अंतरावर संध्याकाळी आवाज मिनिटा-दोन मिनिटांनी बुडतो आणि परत येतो. दिवसा तसं होत नाही. तुमचा प्रवेश सकाळचा असेल तर आवाज स्थिर ठेवा.

शालिमारकर
प्रवेश संध्याकाळचा करतो मग! नेमकं मुलाचं वाक्य बुडतं. धन्यवाद काका. आता शेवटचा, टीव्हीचा.

काळापांढरा
शेवटच्या प्रवेशात मोठी अडचण आहे. मुंबईचं टीव्ही केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७३ मध्ये पुण्याला सिंहगडावरून दिसू लागलं. पंचवटीतल्या आईला १९७२ ला मुलगा दिसणार कसा? टीव्हीची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. मनोरा ३०० मीटरचा धरला तरी सपाट जमिनीवर क्षितिज ७० किलोमीटरवर येतं, आणि इथे मधे अख्खा सह्याद्री आडवा. कसाऱ्याचा घाट ओलांडून रोजचं चित्र येत नाही. उंच बांबूवर अँटेना लावून कधी झलक मिळालीच तर पडदाभर मुंग्या. आईला मुंबईला न्या, नाहीतर ती फक्त ऐकीव वर्णनावर मुलगा बघते असं करा.

आणि १९७२ ला दूरदर्शनची ती फिरत उलगडणारी डोळ्याची खूण आणि रविशंकरांची धून लावू नका. ते १ एप्रिल १९७६ नंतरचं, टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा झाला तेव्हाचं. १९७२ ला तो आकाशवाणीचाच एक भाग होता, म्हणूनच तुमच्या नायकासारखे लोक एका इमारतीतून दुसरीत गेले. रंग तर १५ ऑगस्ट १९८२ ला.

रविवार_कारंजा
आईला न दिसणं जास्त चांगलं आहे. पंचवटीत बसून ती शेजाऱ्यांना सांगते, "तो आता दिसतो म्हणे."

शालिमारकर
हे वाक्य चोरतोय.

काळापांढरा
स्टुडिओचं सांगतो. रेडिओच्या माणसाची टीव्हीवर पहिली अडचण म्हणजे हात. तिथे फेडर, रेकॉर्ड, घड्याळ सगळं त्याच्या हातात होतं, इथे काहीच नाही. कंट्रोल रूममधला दिग्दर्शक सगळं चालवतो आणि फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्याशेजारून खुणा करतो. बोटं दाखवली की उरलेली मिनिटं, हात हवेत ताणल्यासारखे केले की सावकाश बोला, बोट गोल फिरवलं की आवरा, हात गळ्यावरून आडवा नेला की थांबा. आपल्या निवेदकांसमोर प्रॉम्प्टर नव्हता. मजकूर पाठ करायचा किंवा कागदावरून उचलून कॅमेऱ्यात बोलायचा. वाक्याचा शेवट कॅमेऱ्यात, सुरुवात कागदात, उलटं नाही. शेवट कागदात गेला की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं.

कपडे: पांढरा शुभ्र शर्ट नको, चमकतो आणि चेहरा काळा पडतो. गडद काळाही नको. बारीक रेघा किंवा चौकडी पडद्यावर थरथरते. फिकट निळा, करडा, पिवळट चालतो. लाल आणि हिरवा काळ्यापांढऱ्यात जवळपास सारखेच दिसू शकतात, म्हणून लाल काठाची हिरवी साडी नेसून आलेली निवेदिका पडद्यावर एकाच रंगाची दिसते. चौकट कमरेच्या वर, म्हणूनच स्मिता पाटील जीन्सवरून साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, हा किस्सा खूप जणांनी सांगितलेला आहे. पण रंगमंचावर प्रेक्षकाला पाय दिसतात, तेव्हा नटाला वरून कोट आणि खाली पायजमा दिलात तर खसखस पिकेल आणि ती चूकही ठरणार नाही.

रविवार_कारंजा
नोकरीचं एक. नायकाला "सरकारी नोकरी लागली" असं आई म्हणते का? म्हणू द्या, पण तो तिला दुरुस्त करेल. तेव्हा निवेदक 'स्टाफ आर्टिस्ट' म्हणून करारावर असायचे, कराराची मुदत संपली की नूतनीकरण. त्यांना सरकारी कर्मचारी होण्याचा पर्याय १९८२ ला मिळाला. म्हणजे १९६२ ला त्याच्या डोक्यावर कराराची टांगती तलवार. हल्लीचे नैमित्तिक निवेदक वेगळे, ते महिन्याला ठरावीक पाळ्या करतात, आपल्या आकाशवाणी टॉवरकडच्या मुलांना विचारा.

शालिमारकर
वा. शेवटचा प्रश्न. टीव्हीवर त्याचं पहिलं वाक्य असं लिहिलंय: "नमस्कार. आता सादर करत आहोत गोदावरीच्या काठावरील जुन्या लाकडी वाड्यांविषयीचा माहितीपट. या माहितीपटाचं संकलन आणि निवेदन आमच्याच केंद्रातील सहकाऱ्यांनी केलं आहे. पाहूया." ठीक आहे ना?

काळापांढरा
माहितीपट म्हणजे १६ मिलीमीटरची फिल्म, टेलिसिनेवरून (फिल्म टीव्हीवर दाखवायच्या यंत्रावरून) जाणार. ती बटण दाबलं की लगेच दिसत नाही. सुरुवातीला आकड्यांची पट्टी असते, ८ वर लावून ठेवली तर चित्र यायला साधारण ८ सेकंद. टेप असती तर टेप चालवणारी मोठी व्हीटीआर यंत्रं स्थिर व्हायला १० धरत. म्हणून मजकुरात चित्राच्या ८ सेकंद आधी एक खूण करतात. निवेदक त्या शब्दावर आला की दिग्दर्शक फिल्म सोडतो, आणि त्यानंतर निवेदकाला एक शब्द कमी-जास्त करता येत नाही. लवकर संपलं तर प्रेक्षक त्याचा गप्प चेहरा बघतात, लांबलं तर त्याच्या बोलण्यावर चित्र येतं.

आवाजी
आणि मिनिटाला ११० च्या हिशोबाने ८ सेकंद म्हणजे १५ शब्द. तुमच्या मजकुरात २२ आहेत, त्यातही 'आमच्याच केंद्रातील सहकाऱ्यांनी' इथे जीभ अडकणार. शेवटी 'पाहूया' नको, नवखा तिथेच उगाच हसतो. असं करा:

"नमस्कार. आता पाहूया," इथे खूण, मग "गोदावरीच्या काठावरील जुन्या लाकडी वाड्यांची ओळख करून देणारा हा माहितीपट. संकलन आणि निवेदन आमच्या सहकाऱ्यांचं." खुणेनंतर बरोबर १५.

शालिमारकर
आत्ता तालमीत लावून बघितलं. नट साडेसहा सेकंदांत संपवतोय.

आवाजी
'माहितीपट' नंतर श्वास घेत नाहीये तो. तिथे पूर्णविराम आहे, दाखवा त्याला.